यादीतले भूत आणि गाऱ्हाण्यातले भूत

१

मराठी विभागांतून लोकसाहित्यावर जे प्रबंध लिहिले जातात, त्यांपैकी अनेकांत ‘भुतांचे प्रकार’ या नावाचे एक प्रकरण असते. त्याचा क्रमही ठरून गेला आहे. प्रथम पुरुषभुते : वेताळ, ब्रह्मसमंध, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, देवचार, चेडा. मग स्त्रीभुते : हडळ, जखीण, लावसट, अळवंत, डाकीण. प्रत्येकाखाली चार-पाच ओळी : कोण मेल्यावर हे भूत होते, कोठे राहते, कोणाला धरते, कशाला भिते. या प्रकरणाला ‘तौलनिक अभ्यास’ या शीर्षकाची एक पुरवणी जोडण्याची पद्धत अलीकडे पडली आहे. तीत दोन रकान्यांचा तक्ता असतो. डावीकडे आपली भुते, उजवीकडे आयर्लंड-स्कॉटलंडच्या केल्टिक लोककथांतील अद्भुत योनी. हडळीसमोर बॅन्शी, गिऱ्ह्यासमोर केल्पी, देवचारासमोर ब्राउनी आणि सातीआसरांसमोर, दुसरे काही न सुचल्यामुळे, ‘परी’. तक्त्याखाली निष्कर्ष : मानवी मन सर्वत्र सारखेच असते.

हा निष्कर्ष इतका निरुपद्रवी आहे की त्याला विरोध करावा असे कोणाला वाटत नाही. मला वाटते. उजवा रकाना परका आहे हे तक्ता मांडणाऱ्याला ठाऊक असते. डावा रकानाही आपला नाही, याची मात्र त्याला शंकासुद्धा येत नाही. ती यादी ज्या प्रश्नांची उत्तरे म्हणून तयार झाली, ते प्रश्न गावाने विचारलेले नव्हते. गावाच्या बोलण्यात भूत ज्या रीतीने वावरते, त्या रीतीने ते यादीत वावरू शकत नाही. आणि साहित्यसमीक्षेचा विषय ते बोलणे हाच असतो. यादीतल्या भुतांची तुलना करणारी समीक्षा दोन लोकसाहित्यांची तुलना करते असे समजते. प्रत्यक्षात ती दोन दप्तरांची तुलना करीत असते.

२

हे दप्तर कोठून आले ते पाहू. ए. एम. टी. जॅक्सन हे नाव मराठी वाचकाला माहीत असते ते नाशिकच्या संदर्भात. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी ज्या कलेक्टरवर गोळ्या झाडल्या, ते हे जॅक्सन. ते संस्कृतज्ञ होते आणि मुंबई इलाख्यातील लोकसमजुतींची माहिती त्यांनी जमवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ती संपादित केली. गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला. कोकणचा हा खंड छापला गेला तो मुंबईत, माझगावच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमध्ये. पुढे १९२४ मध्ये हीच सामग्री एन्थोवेन यांनी नव्याने मांडून ‘द फोकलोअर ऑफ बॉम्बे’ या नावाने ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केली. आपल्या प्रबंधांतील ‘भुतांचे प्रकार’ या प्रकरणाचे मूळ शोधीत गेल्यास आपण बहुधा माझगावच्या या छापखान्याशी येऊन पोचतो. मध्ये कितीही पुस्तकांचे थर असोत.

माहिती मिळवली गेली ती मुख्यतः शाळामास्तरांकडून, प्रश्नावलीच्या साहाय्याने. तळटीपांत बहुधा उत्तर देणाऱ्याचे पद आणि गाव एवढेच येते : शाळामास्तर, अमुक गाव, जिल्हा कुलाबा किंवा ठाणे. या मास्तरांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. त्यांच्याशिवाय एवढेही उरले नसते. पण त्यांच्या स्थितीचा विचार करावा. सरकारी नोकरीतला, शिकलेला, बहुधा उच्चवर्णीय माणूस वरिष्ठांच्या प्रश्नाला लेखी उत्तर देतो आहे. त्याने गावात कोणाला विचारले, कोणी काय सांगितले, सांगताना कोण गप्प बसले, यांपैकी काहीही त्या उत्तरात उरत नाही. प्रश्न प्रकारांविषयी असला की उत्तर प्रकारांचे येते.

खंडाची प्रकरणरचनाही बोलकी आहे. निसर्गशक्ती, वीरदेवता, रोगदेवता, पूर्वज व संत, उपद्रवी मृतात्मे, दृष्ट, वृक्ष व सर्पपूजा अशा क्रमाने ती जाते. विल्यम क्रुक यांच्या उत्तर भारतातील लोकधर्मावरील १८९६ च्या द्विखंडात्मक ग्रंथाच्या रचनेशी तिचे साम्य उघड आहे. म्हणजे गंगेच्या खोऱ्यासाठी केलेल्या खणांत कोकणची भुते भरली गेली. आणि हे होत असताना त्याच माझगावच्या गोदीत, परळ-लालबागच्या गिरण्यांत, रत्नागिरी जिल्ह्यातून आलेली हजारो माणसे काम करीत होती. गावची राखण चुकली म्हणून घोर लागलेली, देवाला काय सांगायचे ते तोंडपाठ असलेली माणसे छापखान्यापासून हाकेच्या अंतरावर होती. त्यांना कोणी काही विचारल्याची खूण खंडात नाही.

येथे देशीवादाचा प्रश्न येतो. ऐंशीच्या दशकापासून मराठीत मांडल्या गेलेल्या देशीवादाने पाश्चात्त्य संकल्पना उसन्या घेण्याबद्दल आपल्याला पुष्कळ सुनावले, आणि त्यात तथ्य होते. पण त्याचा वारसा सांगणारा अभ्यासक ‘परी नको, आपली हडळ घ्या’ असे म्हणतो, तेव्हा तो इंग्रज वाचकासाठी माझगावात जुळवलेल्या खिळ्यांतूनच आपले देशीपण उचलीत असतो. नाव देशी असले म्हणून खण देशी होत नाही.

३

आता उजव्या रकान्याकडे वळू. ‘फेअरी’ हा शब्द केल्टिक नाही. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आपला ‘परी’ फारसीतून आला. आयरिश शब्द ‘शी’ असा उच्चारला जातो आणि त्याचा मूळ संबंध टेकाडाशी आहे. प्राचीन दफनांची जी टेकाडे आयर्लंडभर आहेत, त्यांच्या आत राहणारे ते ‘शी’चे लोक. त्यांची स्वतःची गुरेढोरे, लग्ने, लढाया, वाटा आहेत. मृत माणसे कधीकधी त्यांच्यात दिसतात, पण ते स्वतः एक वेगळे, शेजारी राहणारे जनपद आहे. बॅन्शी म्हणजे ‘बॅन शी’, टेकाडातली बाई. ती ठरावीक घराण्यांतील मरणाच्या आधी आक्रोश करते. ती कोणाला धरीत नाही, झपाटीत नाही. दुसऱ्याच्या घरच्या मरणावर ती रडते.

हडळ कोण? बाळंतपणात किंवा विटाळाच्या दिवसांत मेलेली बाई. जखीण कोण? सवाष्णपणी, इच्छा राहून मेलेली. लावसट कोण? विधवा मेलेली. मुंजा कोण? मुंज होऊन सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा. ही योनींची नावे नाहीत, सामाजिक स्थितींची आहेत. बाईचे भूतसुद्धा नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून ओळखले जाते, आणि ज्या जातींत मुंज नाही त्यांच्या मुलाला मेल्यावरही मुंजा होता येत नाही. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, खवीस बहुधा मुसलमानाचा. मरणानंतरही जातीची उतरंड शाबूत. कोकणातील ही भूतसृष्टी म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या संस्कारांची आणि न फिटलेल्या देण्यांची वही आहे. घरचे भूत आणि बाहेरचे भूत ही लोकांची स्वतःची विभागणीही नात्यावरच उभी आहे.

मग हडळीसमोर बॅन्शी मांडून काय साधते? एकीचे मरण कुटुंबाने अर्धे सोडले आहे, दुसरी कुटुंबाच्या मरणाला साक्ष आहे. दोघी ‘भीतिदायक स्त्रिया’ आहेत एवढेच साम्य उरते. ते साम्य तक्ता मांडणाऱ्याच्या नजरेतून आलेले आहे.

स्टिथ थॉम्प्सन यांच्या कल्पनाबंधांच्या सूचीमुळे हा गोंधळ शास्त्रीय वाटू लागतो. त्या सूचीत परी व तत्सम योनी ‘एफ’ विभागात येतात, तर भुते व परत येणारे मृत ‘ई’ विभागात. त्यामुळे विहिरीकाठच्या आसरा एका विभागात जातात आणि त्याच विहिरीत जीव दिलेली बाई दुसऱ्या. सूची शोधायला उपयोगी आहे, हे मी नाकारीत नाही. पण गावात काय होते? विहिरीवर गेलेली सून तापाने फणफणली तर तिला आसरांनी धरले की त्या बाईने, हे आधी ठरलेले नसते. ते ठरते विचारपूस झाल्यावर : कौल लावल्यावर, अवसर आल्यावर, ‘कोण तू?’ या प्रश्नाला उत्तर मिळाल्यावर. नाव हे या संवादाचे फलित आहे. यादीत ते आरंभीच येते, आणि संवादाची गरजच संपते.

४

साम्य शोधायचेच असेल तर ते दुसरीकडे आहे. आयर्लंडमधील लोक या शेजाऱ्यांचे नाव सहसा घेत नाहीत. ‘भले लोक’ म्हणतात, किंवा नुसते ‘ते’. कोकणातही तिन्हीसांजेनंतर भुताचे नाव घेत नाहीत. ‘बाहेरचं’, ‘वारं’, ‘लागीर’ म्हणतात. देवचाराला ‘राखणदार’ किंवा ‘जागेवाला’ म्हणतात. सापाला ‘लांबडं’ म्हणणारी आणि रोगाला ‘देवी आल्या’ म्हणणारी हीच भाषा. ज्याचे नाव घेतले की ते ऐकते, त्याच्याविषयी बोलण्याची ही शिस्त आहे. दोन्ही संस्कृतींत ती आहे, आणि तुलनेला हा पाया पक्का आहे, कारण येथे आपण बोलण्याच्या व्यवहारांची तुलना करतो. यादी ही शिस्त मोडूनच अस्तित्वात येते. तिला नावे हवी असतात, आणि नावे घेणे हेच तर वर्ज्य असते.

दुसरे उदाहरण घेतो. ऑर्कनी-शेटलंडच्या बेटांवर सांगितल्या जाणाऱ्या आणि केल्टिक म्हणून सरसकट खपवल्या जाणाऱ्या सीलकन्यांच्या कथांत, सीलचे कातडे लपवणाऱ्या माणसाची ती बायको होते, आणि कातडे सापडताच समुद्रात निघून जाते. आपल्याकडे गिऱ्ह्याचा केस ज्याच्या हाती लागतो त्याच्या घरी गिऱ्हा राबतो, आणि केस परत मिळताच सूड घेऊन जातो. कल्पनाबंध एकच : वस्तू, ताबा, सुटका. प्रबंध येथे थांबतो. विचारायला हवे ते येथून पुढे : ही कथा कोण कोणाविषयी सांगतो? स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील नॉर्थ यूइस्ट बेटावरील मॅककॉड्रम हे घराणे सीलवंशाचे म्हणून ओळखले जाई. म्हणजे तेथे ही कथा कुळाची ओळख होऊ शकते. गिऱ्हा मात्र आपल्या घरी राबला असे कोणी अभिमानाने सांगत नाही. तो नेहमी दुसऱ्याच्या घरी राबलेला असतो. एकाएकी वर आलेल्या आणि एकाएकी बुडालेल्या घराचा तो शेजाऱ्यांनी लावलेला अर्थ असतो. एकच कल्पनाबंध एके ठिकाणी कुळकथा होतो आणि दुसरीकडे कुजबूज. साहित्यप्रकारच बदलतो, आणि तक्त्याला त्याचा पत्ता नसतो.

५

कोकणच्या परंपरेत या शक्तींशी बोलण्याचा एक पूर्ण विकसित वाङ्मयप्रकार आहे : गाऱ्हाणे. सिंधुदुर्गातील गावरहाटीत घाडी, गुरव किंवा मानकरी ते घालतो, आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून प्रत्येक वाक्याला रुजुवात देतात. त्याची रचना पाहावी. आधी संबोधन : बारापाचाचे देव, राखणदार, जागेवाला, दिशांचे मालक. मग कोण उभे आहे ते : अमुक वाडीचा, अमुक घरचा, मुंबईस असणारा. मग काय दिले आहे : नारळ, कोंबडा, रोट. मग काय चुकले असेल ते पदरात घेण्याची विनंती. मग मागणे. शेवटी करार : असे केलेस तर पुढच्या वर्षी असे देऊ. आरवलीच्या वेतोबाला भले थोरले चामडी जोड आणि केळ्यांचे घड वाहतात, ते याच व्यवहाराचे दृश्य रूप. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, त्या द्यायला हव्यात.

या संहितेत देवचार तृतीय पुरुषात कधी येत नाही. तो ‘तू’ असतो. ‘देवचार म्हणजे कोण?’ हा प्रश्न गाऱ्हाण्यात उद्भवत नाही. ‘तू आमचे काय लागतोस आणि आम्ही तुझे काय लागतो?’ हा उद्भवतो. माझगावच्या खंडात नेमके हेच रूपांतर झाले. द्वितीय पुरुषाचे तृतीय पुरुष झाले, संबोधनाचे नाम झाले, नात्याचा प्राणी झाला. आपण ज्याला ‘भुताचा प्रकार’ म्हणतो तो या व्याकरणिक बदलातून जन्मतो. मुंबईच्या चाकरमान्याने राखण देण्यासाठी गावी जाणे यामागे भीती असेल, श्रद्धा असेल. पण त्या एका दिवसाने घरातला, जमिनीतला, मानातला त्याचा हिस्साही पुन्हा उच्चारला जातो. ‘मुंबईस असणारा’ हे शब्द गाऱ्हाण्यात येतात ते उगीच नव्हेत. यादीत या माणसाला जागा नाही.

मास्तरांच्या मदतीने वेगळेही काही करता येते, हे आयर्लंडनेच दाखवले आहे. तेथील लोकसाहित्य आयोग १९३५ मध्ये स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात त्याने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना आपल्या घरच्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांचे बोलणे वह्यांत उतरवायला लावले. तेथेही विषयांची सूची होतीच, आणि त्यामागे नव्या राष्ट्राचा स्वतःला शोधण्याचा आग्रह होता. ती काही निर्मळ गंगा नव्हे. पण वहीत सांगणाऱ्याचे नाव-गाव नोंदवण्याची रीत होती, आणि सांगणारा नोंदवणाऱ्याचा आजा किंवा शेजारीण होता. आपल्या खंडात सांगणाऱ्याच्या जागी पद उरले. दुर्गा भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ या १९५६ च्या ग्रंथापासून मराठीत या शास्त्राचे शिक्षण होत आहे. इतक्या वर्षांनंतरही आपले प्रबंध पदावरच समाधान मानतात, याची लाज वाटायला हवी.

६

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येईल : ‘तुम्ही अंधश्रद्धेला साहित्यशास्त्राचा आश्रय देता.’ हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. १८९५ मध्ये आयर्लंडच्या टिपेररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण स्त्रीला तिच्या नवऱ्याने जाळले. ही माझी बायको नव्हे, हिच्या जागी त्यांनी दुसरीच आणून ठेवली आहे, असे त्याचे म्हणणे होते. आजारी स्त्रीला ‘तू खरी ब्रिजेट आहेस का?’ असे पुनःपुन्हा विचारले गेले. नवऱ्याला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. आणि या प्रकरणाचा उपयोग इंग्रजधार्जिण्या वृत्तपत्रांनी आयरिश लोक स्वराज्याला अपात्र असल्याचा पुरावा म्हणून केला. येट्सने आयरिश शेतकऱ्यांच्या परीकथांचा संग्रह काढला तो १८८८ मध्ये, या घटनेच्या अवघ्या सात वर्षे आधी. संग्रहातील हळुवार धुके आणि चुलीजवळची ही घटना एकाच देशातील आहेत.

म्हणून संवाद म्हटला की तो पवित्रच, असे मी म्हणत नाही. ‘कोण तू?’ हा प्रश्न आपल्याकडेही बहुधा सुनेला विचारला जातो, आणि उत्तर येईपर्यंत मिरचीची धुरी दिली जाते. २० ऑगस्ट २०१३ रोजी नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे, मारणे, धुरी देणे अशा कृत्यांचा निर्देश आहे. भुतांचे प्रकार किती, हे कायदा विचारीत नाही. कोणी कोणाला काय केले, हे तो विचारतो. आपल्या समीक्षेपेक्षा कायद्याची दृष्टी येथे अधिक स्वच्छ आहे.

उलट यादीच येथे घातक ठरते. ‘हडळ : बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे भूत; तरुण स्त्रियांना धरते’ असे प्रबंधात लिहिले की धरणारी आणि धरली गेलेली दोन्ही निसर्गातली वस्तुस्थिती होऊन बसतात. बाळंतपणात ती का मेली, तिला कोणी सुईणीविना ठेवले, तिच्या नावाचे काय करायचे राहिले, हे प्रश्न बाहेर पडतात. ती बोलते तेव्हा सुनेच्या तोंडून कोणाचे गाऱ्हाणे बाहेर येते, हाही प्रश्न पडत नाही. एरवी ज्या सुनेला सासरी ‘तू’ म्हणायची सोय नाही, ती वारे आल्यावर सासऱ्याला एकेरीत बोलते. याला श्रद्धा म्हणा, रोग म्हणा, ढोंग म्हणा. समीक्षकाने प्रथम तो एकेरी ‘तू’ ऐकायला हवा. यादी त्या ‘तू’ला बहिरी असते, आणि भूताची खिल्ली उडवणारा विवेकवादही पुष्कळदा तितकाच बहिरा असतो.

७

बाजाराने हा प्रश्न आणखी निकडीचा केला आहे. २०२४ मध्ये ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट देशभर चालला. संगणकाने घडवलेला मुंजा अंगावर धावून येतो आणि प्रेक्षक हसतो, दचकतो. त्यात वाईट काही नाही. करमणुकीने आपले काम केले. पण मुंजा हा आता सर्वार्थाने ‘प्राणी’ झाला, आणि उद्या परिषदांतून त्याची तुलना आयरिश लेप्रेकॉनशी होईल. तेव्हा तक्त्यात एक ओळ वाढेल.

त्याऐवजी मागणे साधे आहे. लोकसाहित्यावरील प्रबंधात भुताचे नाव येईल तेथे चार गोष्टी याव्यात : कोण बोलले, कोणाला, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या पुरुषात. ज्या ठिकाणी या चार गोष्टी मिळत नाहीत तेथे ती सामग्री लोकांची म्हणून वापरू नये. संग्राहकाची म्हणून वापरावी. माझगावचा खंड फेकून द्यावा असे मी म्हणत नाही. तो नीट वाचावा, प्रश्नावलीचा ग्रंथ म्हणून : प्रश्नाने उत्तर कसे घडवले, मास्तराने काय गाळले असेल, तळटीपेतले गाव आज काय सांगते. त्या गावांपैकी एखादे निवडून विद्यार्थ्याने तेथे एक पावसाळा आणि एक शिमगा काढला, गाऱ्हाण्याच्या वेळी मागे उभा राहिला आणि ऐकले तसे उतरवून आणले, तर आयर्लंडशी तुलना करायला आपल्या हाती काहीतरी असेल.

तोवर ‘भुतांचे प्रकार’ हे प्रकरण मार्गदर्शकांनी परत पाठवावे.